हरीओमच्या वावरातला भोंगा

मेडशीच्या शिवारात दिवस बुडाला की माणसं घरी येतात आणि त्यांचे आवाज वावरात राहतात. यात भुताखेताचं काही नाही. जंगल लागून आहे, रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगाई, पिकात शिरतात, आणि पूर्वीसारखं मचाणावर बसून जागल करायला आता कुणाची हाडं तयार नाहीत. म्हणून बाजारातून पिवळा भोंगा आणायचा, त्याचं लाल बटण दाबून पोटातून ओरडायचं आणि तो वावराच्या मधोमध बांबूला बांधून टाकायचा. मालक घरी भाकर खातो आणि भोंगा त्याच्या आवाजात पहाटेपर्यंत बोंबलत बसतो. नवखा पाहुणा पहिल्यांदा ऐकतो तेव्हा त्याला वाटतं, गावात मोठी मारामारी जुंपली आहे.

या भोंग्यांची एक रीत कशी कोण जाणे पडून गेली. आवाज घरच्याच माणसाचा पाहिजे. शेजाऱ्याचा आवाज आपल्या वावरात लावला तर उद्या तो बांधाचा धुरा सरकवायला कमी करणार नाही, असं जुनी माणसं म्हणतात, आणि नवी माणसं हसतात पण पाळतात. त्यामुळे कोणत्या वावरात कोण ओरडतं आहे यावरून अंधारातही रस्ता कळतो.

हरीओमच्या वावरात त्याची बायको ओरडायची. वर्षाराणी. श्रावणात ती वारली, आता मार्गशीर्ष लागला होता, तूर शेंगांवर आली होती, आणि वावरात ती अजून ओरडतच होती.

हरीओम म्हणजे यंत्रांचा नादी माणूस. शेती बरी होती, मूलबाळ नव्हतं, त्याचं दुःख करून झालं होतं, आणि उरलेला जीव त्यानं बटणांमध्ये घातला होता. त्याच्या घरी एक लोखंडी कपाट होतं आणि त्यात जे काय होतं ते सांगत बसलो तर कथा राहील बाजूला. टाळी वाजवली की पेटणारा दिवा होता, तो कुकरची शिट्टी झाली तरी पेटायचा. पंखा बसवलेली टोपी होती. शिट्टीला ओ देणारी किल्ली होती. शिवाय जुने रेडिओ, पेजर, गोल डायलचा फोन, तुटलेले वॉकमन, आणि मशिदीच्या आकाराचा गजर, जो तालुक्याच्या मालेगावातल्या फय्याज दुकानदारानं त्याला भेट दिला होता. यातलं निम्मं चालू होतं आणि निम्मं हरीओम चालू करणार होता. वर्षाराणी म्हणायची, "आपल्या घरात तीन मानसं आन् चाळीस पेशंट हायत." तिसरं माणूस म्हणजे हरीओमची आई, ललिताबाई, जिनं त्या कपाटाला आयुष्यात हात लावला नाही.

पण माणसाला मत होतं, आणि गाव त्या मताला मान देत असे. कुणाला मिक्सर घ्यायचा असला की तो हरीओमकडे यायचा. हरीओम सांगायचा की वॉट पाहू नका, भांड्याच्या खालचं रबर पाहा. फोनचा कॅमेरा दुकानात पाहून घेऊ नये, म्हणायचा. लग्नाच्या मांडवात, दिवेलागणीला, नवरदेवाच्या तोंडावर धरून पाहावा. ज्या वस्तूचं मागचं झाकण स्क्रूनं बसवलेलं नाही, चिकटवलेलं आहे, ती वस्तू कंपनीनं तुम्हाला विकलेलीच नाही, नुसती वापरायला दिली आहे, हे तर त्याचं लाडकं वाक्य. बोलताना तो वस्तू तळहातावर घेऊन तोलायचा. माणसं कान देऊन ऐकायची आणि मग तो सांगेल तेच घेऊन यायची. आपल्या शब्दावर पाच-पन्नास घरांत वस्तू येतात, याचा त्याला गर्व होता, आणि तो त्यानं लपवलाही नाही.

भोंगाही गावात पहिला त्यानंच आणला. त्यात आधीच भरलेले आवाज होते, वाघाची डरकाळी आणि बंदुकीचा बार. डुकरं आठ दिवस घाबरली, मग वाघाच्या डरकाळीखाली बसून सोयाबीनचं बी उकरून खाऊ लागली. हरीओमनं स्वतः ओरडून पाहिलं, पण त्याचा आवाज समजावून सांगणाऱ्या माणसाचा. शेवटी वर्षाराणीनं पदर खोचला आणि भोंगा त्याच्या हातातून ओढून घेतला. "ए हाट. कोन हाय रे थो? दिसून राह्यलं मले. आयतं खाऊन खाऊन पोट सुटलं, लाज नाही वाटत? निंग तिकून, निंगतं का येऊ काठी घेऊन?" असं तिनं जे सुरू केलं ते दम संपेपर्यंत. धुऱ्यावर उभा असलेला शेजारी रामकिसन म्हणाला, हे डुकराले म्हनून राह्यली का हरीओमले? तिघंही हसले. त्या हसण्यात बटण बंद करायचं राहिलं, आणि रेकॉर्डच्या शेवटी तिचा साधा, घरातला आवाज येऊन बसला. "झालं का? अवो, बंद कसं करतात हे?"

हरीओमनं भोंग्याला एक जुगाड करून ठेवला होता. रस्त्यावरच्या दिव्यातला उजेड ओळखणारा डोळा काढून त्यात बसवला होता, त्यामुळे अंधारलं की भोंगा आपोआप सुरू व्हायचा. तेव्हापासून रोज अंधारलं की वर्षाराणी सगळ्या शिवाराला शिव्या घालायची आणि शेवटी विचारायची, बंद कसं करतात हे.

मग श्रावण आला.

त्याच्या आधी हरीओमनं एक घड्याळ मागवलं होतं. हातात बांधलं की नाडी दाखवतं, रक्तातला ऑक्सिजन दाखवतं, बीपी दाखवतं, झोप किती झाली तेसुद्धा दाखवतं. त्यानं ते वापरून पाहिलं, तोललं, आणि पारावर मत दिलं की घेण्यासारखी वस्तू आहे. मग ते वर्षाराणीच्या हातात बांधलं. तिला त्यातलं दुसरं काही नको होतं, पण अंधारात वेळ दिसते म्हणून आवडलं.

निंदणाच्या दिवसांत एकदा ती दुपारी वावरातून उठून घरी आली आणि म्हणाली, डोकं फुटून राह्यलं, डोयापुढं अंधारी येते. हरीओमनं तिचा हात धरून घड्याळाचं बटण दाबलं. एकशे अठरा, शहात्तर. "नॉर्मल हाय," तो म्हणाला. "उन्हाचं हाय. लिंबू-पानी घे आन् पडून राय." ललिताबाई चुलीपाशी होती. ती म्हणाली, एकदा डॉक्टरले दावून आन. त्यानं आईलाही आकडा दाखवला. संध्याकाळपर्यंत वर्षाराणीची जीभ जड झाली. अकोल्याला नेलं. डोक्यातली नस फुटली होती. डॉक्टरनं विचारलं, बीपीचा त्रास कधीपासून होता? हरीओम म्हणाला, नव्हता, आणि खिशातून घड्याळ काढून त्यांच्या पुढे धरलं. डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि घड्याळ परत त्याच्या हातात ठेवलं. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. ती त्यातून उठली नाही.

तेरवी झाली, पाहुणे गेले. मग एका दुपारी हरीओमनं ते घड्याळ ओट्यावरच्या कोहळ्याला बांधलं. बटण दाबलं. घड्याळानं नेहमीसारखा थोडा विचार केला आणि आकडा दाखवला. एकशे सतरा, पंच्याहत्तर. कोहळ्याची नाडीही चांगली चालू होती. हरीओम ते पाहत बसला. त्याला वाटलं, आता आपल्याला काहीतरी होईल. रडू येईल, नाहीतर हे घड्याळ आपण दगडावर ठेचू. काही झालं नाही. त्यानं घड्याळ सोडून कपाटात टाकलं. कोहळं ललिताबाईनं भाजीला घेतलं.

तेव्हापासून माणूस बधिर झाला. वेडाबिडा नाही, वेळेवर उठायचा, फवारणी करायचा, विचारलं तर उत्तर द्यायचा. पण आवाज एका पट्टीच्या वर चढत नसे आणि खाली उतरत नसे. रडला तर तो मुळीच नाही, आणि गावात त्याची चर्चा झालीच. कुणी विचारायला आलं, हरीओमभाऊ, फ्रीज कोणता घेऊ, तर तो म्हणायचा, "कोनताबी घे. सारखेच असतात." माणूस थोडा वेळ उभा राहायचा आणि निघून जायचा. कोहळ्याची गोष्ट त्यानं कुणाला सांगितली नाही. लपवली असंही नाही. सांगायला तोंड उघडावं लागतं, आणि तेवढंही त्याच्यानं होत नव्हतं.

दिवसात एकच घटका अशी होती की तो कान देऊन बसायचा. अंधार पडायचा, वावरातून वर्षाराणी सुरू व्हायची, आणि शिव्या संपल्यावर तिनं "बंद कसं करतात हे?" असं विचारलं की हरीओम ओट्यावरून हळूच म्हणायचा, "लाल बटन दाब." थोड्या वेळानं ती पुन्हा विचारायची आणि तो पुन्हा सांगायचा. ललिताबाई आतून ऐकायची आणि ताट वाढायला मुद्दाम उशीर करायची.

आणि नेमकं तेच आता जाणार होतं. डुकरांना त्या आवाजाची सवय झाली होती.

हे सांगायला रामकिसन आला तेव्हा बराच वेळ तो भलत्याच गोष्टी बोलत राहिला. त्याची बायको लखमा अलीकडे कशी लवकर थकते, पंपाची लाईन कशी जाते, असं काहीबाही. मग म्हणाला, "हरीओम, राग नोको धरू. पन तुह्या वावरातून डुकरं माह्या वावरात येऊन राह्यले. वहिनीचा आवाज आता त्याईले घरचा वाटते. दोन ओळी तूर आडवी केली काल. तुही बी जाईन, माही बी जाईन. आवाज बदलाव लागते."

"बदलतो," हरीओम म्हणाला.

"वहिनीचा आवाज मोबाईलमध्ये घेऊन ठेव आधी. मंग मशीनमध्ये तू वरड. तुह्या मायच्यानं आता काय वरडनं होते."

"हाव."

"नाहीतर दुसरा भोंगा आन, तिचा बी राहू दे."

"जुना आवाज चालू राह्यला तर डुकरं भेत नाहीत," हरीओम म्हणाला. यंत्राचं त्याला अजून कळत होतं. "बदलाच लागते."

मग तो भोंगा पिशवीत घालून मालेगावला फय्याजच्या दुकानात गेला. फय्याज त्याचा जुना यार. मोबाईल, टॉर्च, घड्याळं असलं सगळं विकायचा आणि हरीओमच्या कपाटातली निम्मी वस्ती त्याच्याच दुकानातून आलेली. फय्याजनं भोंग्यातला आवाज फोनमध्ये घेतला, मेमरी कार्डात घेतला, वर पेन ड्राईव्हमध्येही घेतला, आणि एकाचेही पैसे घ्यायला तयार होईना. दुकानात वर्षाराणीचा आवाज वाजला तेव्हा त्यानं डोळे पुसले. हरीओम काउंटरवरच्या चार्जरांच्या वायरी पाहत उभा होता. त्या फोनमधल्या आवाजानं त्याला काहीच झालं नाही. वावरात ती विचारायची. इथं नुसतं रेकॉर्ड वाजत होतं.

"भाभी गेल्यापासून तू इकडं फिरकलाच नाही," फय्याज म्हणाला. "इकडं तुह्या नावावर धंदा चालून राह्यला यार. ते बीपीवालं घड्याळ. तुमच्या मेडशीतूनच किती लोक घेऊन गेले. सगळे म्हनतात, हरीओमभाऊनं सांगितलं. अजून मागवू क्या?"

हीच वेळ होती. समोर जिवाभावाचा माणूस होता, विषय त्यानंच काढला होता, आणि सांगायचं ते दोन वाक्यांत मावत होतं. हरीओमच्या मनात कोहळं आलंसुद्धा.

"तुह्या मनानं पाय," तो म्हणाला. "सारखंच असते सगळं."

पेन ड्राईव्ह खिशात घालून तो बसमध्ये बसला, गावी आला आणि भोंगा पुन्हा बांबूला बांधला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वावरात आवाज बदलायचा कार्यक्रम झाला. रामकिसन होता, ललिताबाईही काठी टेकत धुऱ्यापर्यंत आली होती. तिला वाटत होतं, आज तरी लेक मोकळा होईल. हरीओमनं भोंगा बांबूवरून सोडला, तोंडासमोर धरला आणि लाल बटण दाबलं. ते दाबताच आतला जुना आवाज पुसला जातो, हे त्यानंच सगळ्या गावाला शिकवलं होतं. डोळ्यांत पाणी आलं नाही. लाल दिवा लागला आणि वर्षाराणी त्यातून गेली.

"ए," हरीओम म्हणाला. "निंगा. पीक खाऊ नोका."

रामकिसननं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "अरे, ग्रामपंचायतीची दवंडी हाय का हे? पोटातून वरड ना."

पुन्हा केलं. पुन्हा तेच. बसस्टँडवर गाडीचा नंबर पुकारावा तसा आवाज. रामकिसननं त्याला चिडवायचं ठरवलं. म्हणाला, तुही सगळी यंत्रं भंगार हायत. हरीओम म्हणाला, हायेतच. मग रामकिसननं धुऱ्यावरच्या बाभळीचं भांडण उकरून काढलं, ज्यावरून मागे दोघांत महिनाभर बोलणं बंद होतं. "बाभूय माही हाय, तोडून नेतो उद्या."

"ने," हरीओम म्हणाला.

रामकिसनला आता हसावं की काय करावं ते कळेना. ललिताबाई तोंडाला पदर लावून घराकडे वळली. तिला आतून फार वाईट वाटलं. ज्याला भांडणसुद्धा करता येत नाही तो माणूस जगतो कशाला, असं काहीतरी तिच्या मनात आलं आणि तिनं ते ढकलून दिलं.

त्या रात्री डुकरं आली. हरीओमचा समजूतदार आवाज त्यांनी ऐकला असणारच. सकाळी पाहिलं तर खालच्या अंगाची तूर लोळवलेली, शेंगा चघळून टाकलेल्या, आणि तिथून सरळ वाट रामकिसनच्या वावरात गेलेली. रामकिसन रागावून आला होता. पण हरीओमचं तोंड पाहून त्याचा राग गळाला. तो नुसता म्हणाला, "अजून एकदा पाहू."

लखमाही सोबत आली होती. शेंगा तोडायला म्हणून आली आणि निंबाखाली बसून राहिली. डोक्याला तिनं फडकं करकचून बांधलं होतं.

हरीओमनं बटण दाबलं. लाल दिवा लागला. तो तोंड उघडणार, तेवढ्यात रामकिसन लखमाकडे पाहून सहज बोलला, "काल रातपासून डोकं धरून बसली हे. उलटी बी झाली. मी म्हनलं दवाखान्यात जाऊ, तर म्हनते, कायले, घड्यायात बराबर दावते. तुह्यावालं पाहूनच घेतलं ना आमी. आताच पाह्यलं, एकशे अठरा."

हरीओमनं लखमाकडे पाहिलं. तिनं हात वर करून मनगट दाखवलं. काळं घड्याळ, त्यावर हिरवा उजेड. ती जराशी हसली पण एका बाजूचा ओठ नीट वर गेला नाही.

त्यानंतर हरीओमच्या तोंडून जे बाहेर पडलं ते रामकिसननं आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं. भोंगा हातातच होता. तो तसाच निंबाकडे धावला, मधल्या दोन ओळी तूर त्यानं स्वतःच तुडवली. त्यानं लखमाचा हात धरून घड्याळाचा पट्टा ओढला, तो निघेना तेव्हा तोडला. त्याचा आवाज फाटला, चिरकला, पुन्हा वर चढला. लखमा भ्याली आणि रडायला लागली. रामकिसन म्हणत राहिला, अरे काय झालं, काय झालं. पण हरीओम ऐकण्याच्या पलीकडे गेला होता. भोंगा त्यानं निंबाखाली टाकला आणि मोटारसायकल काढली. लखमाला मधे बसवलं, मागून रामकिसननं धरलं, आणि गाडी मालेगावच्या रस्त्याला लागली.

दवाखान्यात पट्टा बांधून बीपी मोजलं तेव्हा नर्सनं एकदा पाहिलं आणि डॉक्टरांना हाक मारली. दोनशेच्या वर गेलं होतं. इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं, वाशिमला नेऊन डोक्याचा फोटो काढायचं ठरलं. पोचायला उशीर झाला नाही, असं डॉक्टर म्हणाले. तेच वाक्य त्यांनी रामकिसनला दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा तो नुसताच त्यांच्याकडे पाहत होता. हरीओम भिंतीला टेकून उभा होता. त्याचा घसा बसला होता.

दुपारी तो तिथून फय्याजच्या दुकानात गेला. काचेच्या कपाटात घड्याळं ओळीनं मांडली होती. त्यानं एक काढायला सांगितलं आणि काउंटरवरच्या पाण्याच्या बाटलीला बांधलं. आकडा आला तसा बाटली फय्याजकडे फिरवली. फय्याजनं पाहिलं. मग त्यानं दुकानातली सगळी घड्याळं उचलून एका खोक्यात भरली.

"भाभीच्या हातात हेच होतं?" फय्याजनं विचारलं.

"हाव," बसलेल्या आवाजात हरीओम म्हणाला.

फय्याजनं खोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तो काढला नाही.

मोटारसायकल रामकिसनसाठी ठेवून हरीओम बसनं परतला. मेडशी फाट्यावर उतरला तेव्हा अंधारलं होतं. चहाच्या टपरीपाशी माणसं उभी होती. सगळे शिवाराकडे कान करून होते. तिकडून कुणीतरी ओरडत होतं. रोजचे भोंगे चालू होतेच, पण या एका आवाजापुढं ते ऐकूच येत नव्हते. आपलाच आवाज माणसाला लवकर ओळखू येत नाही. रस्ता अर्धा ओलांडल्यावर हरीओमला तो ओळखू आला.

"काढ थे घड्याय. काढ म्हनतो ना. खोटं हाय थे, कोहयाले बी नॉर्मल दावते. उठ. वर्षे, उठ ना वं. दवाखान्यात चाल. मरून जाशीन वर्षे, उठ, मी गाडी काढतो."

सकाळी लाल बटण दाबलेलंच राहिलं होतं आणि भोंग्यानं सगळं आत घेतलं होतं. आता निंबाखाली त्याच्यावर अंधार पडला होता आणि तो आपलं काम करत होता.

लखमाला आपण वर्षा म्हटलं हे त्याला आत्ता कळलं. टपरीवरच्या माणसांनी त्याला वाट करून दिली. तो वावराकडे वळला नाही. भोंगा बंद करायला जावं असं त्याच्या मनातच आलं नाही. तो घरी गेला. घरापर्यंतच्या रस्त्यावर एका अंगणात एक बाई कंदिलाच्या उजेडात मनगट चाचपून काहीतरी सोडत होती. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही.

ललिताबाई ओट्यावर बसली होती. अंधार पडल्यापासून ती तिथंच असावी. तिनं त्याला पाणी दिलं. लखमाचं विचारलं. वाचली, असं त्यानं सांगितलं तेव्हा तिनं हात जोडले. वावरातून तो आवाज येत राहिला, उठ वर्षे, दवाखान्यात चाल.

त्या श्रावणातल्या दुपारबद्दल या घरात अजून कुणी एक शब्द काढला नव्हता. पाहुण्यांनी नशीब म्हटलं होतं, भटजींनी आयुष्याची दोरी म्हटलं होतं, आणि ललिताबाईनं तोंड शिवून घेतलं होतं, कारण लेक एकच होता.

"थ्या दिवशी असं वरडाले पायजे होतं, बाबू," ती म्हणाली.

आवाजात राग नव्हता. तिला जे वाटत होतं ते तिनं सांगितलं.

"हाव माय," हरीओम म्हणाला.

आणि मग त्याला रडू आलं. आधी खांद्यात आलं, मग छातीत, मग त्याला बसवेना आणि तो आईच्या मांडीवर आडवा झाला, एवढा थोराड माणूस. ललिताबाईनं त्याला गप्प केलं नाही. आतलं ताट झाकायला ती उठलीही नाही. वावरातला आवाज थोडा वेळ थांबला, आणि मग पुन्हा वर्षाराणीला उठवायला लागला.